जुने बोर्ड ‘मुद्दाम’ ठेवतात म्हणे! एका फॉरवर्डला उत्तर

सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, गावाकडच्या भावकीचा ग्रुप, सगळीकडे सध्या एकच मेसेज फिरतोय. मथळा ‘पुणेकरांनो, जागे व्हा’. मजकूर थोडक्यात असा: पुण्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक हायवेवर कालबाह्य बोर्ड उभे आहेत आणि ते मुद्दाम ठेवलेले आहेत. एक, वेगमर्यादेचे जुने आकडे ठेवले की चलनं फाडता येतात. दोन, बोर्ड बदलायला चार नट आणि अर्धा तास लागतो, तरी बदलत नाहीत म्हणजे काहीतरी शिजतंय. तीन, नवा लावण्यात कमिशन आहे, जुना काढण्यात नाही. चार, जुना बोर्ड कायद्याने बादच असतो, तो पाळू नका, जमलं तर उखडून टाका. पाच, परदेशात असलं काही चालत नाही. शेवटी नेहमीप्रमाणे ‘किमान दहा जणांना पाठवा’.

बोर्ड जुने आहेत, यात वाद नाही. वाद कारणांवर आहे, आणि चौथ्या मुद्द्यातल्या सल्ल्यावर तर फारच.

चलनापासून सुरुवात करू. महामार्गावरचा बोर्ड ज्याच्या ताब्यात रस्ता त्याचा: कुठे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, कुठे रस्ते विकास महामंडळ, कुठे सार्वजनिक बांधकाम विभाग. दंड करतात पोलीस आणि आरटीओ, आणि पैसा जातो राज्याच्या तिजोरीत. बोर्ड जुना ठेवून रस्तेवाल्या खात्याला एक छदाम मिळत नाही. शिवाय केंद्राने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम घातला. कॅमेऱ्याने चलन करायचं असेल तर त्या टापूच्या आधी तसा इशारा देणारा फलक ठळकपणे लावणं त्यात बंधनकारक आहे. एकाच टापूत दोन फलक दोन आकडे सांगत असतील तर तो फोटो चलनाविरुद्धच्या तक्रारीत तुमच्या कामाचा, पोलिसांच्या डोक्याला मात्र ताप.

बरं, जो आकडा जुना वाटतो तो जुना असतोच असंही नाही. फॉरवर्डमध्ये २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेचा दाखला आहे: दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १००, मग बोर्डावर ८० का? तर ते १०० म्हणजे छत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेलं प्राधिकरण एखाद्या टापूत त्याहून कमी मर्यादा ठरवू शकतं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार घ्या. तिथे ब्रेक फेल झालेले कंटेनर ओळीने गाड्या चेपत गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात आणि त्या अपघातांनंतरच तिथला वेग खाली आणला गेला. तिथला छोटा आकडा बघून ‘जुना बोर्ड दिसतोय’ म्हणत ॲक्सिलरेटर दाबणाऱ्याला काय सांगायचं?

आता चार नट आणि अर्धा तास. गल्लीतल्या पार्किंगच्या पाटीला हे लागू असेल. महामार्गावर डोक्यावरून जाणारी कमान, म्हणजे गॅन्ट्री, रस्त्यापासून साडेपाच मीटर वर असते. तिच्यावरची पाटी उतरवायची तर क्रेन हवी, लेन बंद हवी, त्यासाठी वाहतूक पोलिसांची परवानगी हवी, आणि बायपासला लेन बंद केली की वारज्यापासून बावधनपर्यंत काय होतं ते तिथल्या रहिवाशांना विचारा. म्हणून पाटी उतरवण्याऐवजी पट्टी चिकटवतात. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं २०२४ मध्ये, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये. जुन्या अक्षरांवर नव्या नावाची साध्या व्हिनाइलची पट्टी लावली की दिवसा काम भागतं. रात्री हेडलाइट पडला की मूळ पाटीचा परावर्तक पत्रा चमकतो, अंतराचे आकडे चमकतात, बाणही चमकतो, आणि मधली पट्टी काळी ठिक्कर पडते. गावाचं नाव सोडून बाकी सगळं वाचता येतं. दोन उन्हाळ्यांत पट्टीचे कोपरे वळले की खालचं नाव पुन्हा डोकं वर काढतं. हा स्वस्तातला उपाय आहे आणि वाईट आहे, पण त्यात कट कुठे आला?

महामार्गांच्या क्रमांकांचंही तेच. मार्च २०१० मध्ये केंद्राने देशभरातले राष्ट्रीय महामार्ग नव्याने क्रमांकित केले: उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. त्यात आपला बेंगळुरूचा ४ क्रमांक ४८ मध्ये गेला, सोलापूरचा ९ झाला ६५, नाशिकचा ५० झाला ६०. ट्रकवाले अजूनही ‘एनएच फोर’च म्हणतात. जुनी भूसंपादनाची कागदपत्रं, कोर्टातले दावे, अपघाताचे जुने पंचनामे, सगळ्यांत जुनाच आकडा आहे. त्यामुळे काही वर्षं दोन्ही आकडे दिसत राहणं मला तरी गैर वाटत नाही. पंधरा वर्षं मात्र जास्तच झाली.

तिसरा मुद्दा अर्धा बरोबर आहे, आणि खरी गोम इथेच आहे. कमिशनचा पुरावा फॉरवर्डकर्त्याने दिलेला नाही, माझ्याकडेही नाही, तेव्हा ते बाजूला ठेवू. रस्त्याच्या अंदाजपत्रकात ‘फलक पुरवणे व उभारणे’ ही बाब असते, नगावर किंवा चौरस मीटरवर. जुना फलक काढणं ही वेगळी बाब, आणि ती कुणीतरी वेगळी लिहावी लागते. लिहिली नाही तर कंत्राटदाराने काढलेला फलक मोजमाप पुस्तिकेत चढत नाही, आणि जे मोजमाप पुस्तिकेत नाही त्याचं बिल नाही. वर काढलेलं लोखंड सरकारी मालमत्ता. ते भांडारात जमा करा, नोंद करा, सही घ्या. कोण करणार हे फुकटात? नवा फलक जुन्याच्या दहा पावलं अलीकडे उभा राहतो आणि जुना आपला तिथेच.

त्यात हद्दी बदलतात. जुना मुंबई-पुणे रस्ता निगडी ते दापोडी पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे, बायपास महामार्ग प्राधिकरणाकडे, एक्स्प्रेसवे रस्ते विकास महामंडळाकडे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३, म्हणजे हद्दीच्या पाट्याही सरकायला हव्यात. जकात तर पुण्यात २०१३ मध्येच बंद झाली, म्हणजे जकात नाक्यांच्या पाट्याही उतरायला हव्यात. रस्ता एका खात्याकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा हस्तांतरणात डांबर, पूल, गटारं बघतात. एकेक पाटी मोजून कुणी ताब्यात घेतं का? आधीचं खातं म्हणतं, रस्ता आमचा नाही. नंतरचं म्हणतं, बोर्ड आमचा नाही.

एका प्रकाराला मात्र कसलीच सबब नाही, तो म्हणजे कामाच्या वेळचे तात्पुरते फलक. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री पाडला, नवा १२ ऑगस्ट २०२३ ला खुला झाला. मधले दहा महिने वाहनचालक वळण रस्त्याच्या पाट्यांवरच जगले. मेट्रोच्या कामांतही तेच. असे फलक लावणं आणि काम संपल्यावर उचलणं, दोन्ही कंत्राटदाराचंच काम. संपलेल्या कामाचा ‘डावीकडे वळा’ उभा दिसला तर तो सरळसरळ हलगर्जीपणा आहे, आणि रात्री जिवावर बेतणारा. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८अ मध्ये रस्त्याची रचना आणि देखभाल निकषांप्रमाणे न ठेवल्यामुळे जीव गेला किंवा कुणी अपंग झालं तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड आहे. फॉरवर्डने याच्यावर आवाज उठवला असता तर मीही दहा जणांना पाठवला असता.

चौथ्या मुद्द्याला उत्तर सोपं आहे: चूक, आणि धोकादायक चूक. कलम ११९ प्रमाणे आदेशात्मक चिन्ह, म्हणजे वेगमर्यादा किंवा ‘प्रवेश बंद’सारखं, पाळणं चालकावर बंधनकारक आहे. ते जुनं झालं का हे गाडी चालवता चालवता ठरवायचा अधिकार त्याला दिलेला नाही. गावाच्या नावाची पाटी माहितीपर असते, तिच्यावरून कुणाला दंड होत नाही. आणि कलम ११६ नुसार वाहतूक चिन्ह जाणूनबुजून काढणं, बदलणं, विद्रूप करणं याला मनाई आहे. भंगारवाल्यांनी हे काम आधीच अंगावर घेतलंय, त्यांना स्वयंसेवक नकोत.

राहिलं परदेश. अमेरिकेत ॲरिझोनात टुसानहून मेक्सिकोच्या सीमेवरच्या नोगालेसला जाणारा आय-१९ हा महामार्ग आहे. १९८० च्या सुमारास, देश मेट्रिक होणार या आशेवर, त्यावर अंतरं किलोमीटरमध्ये लिहिली. देश मैलांवरच राहिला, पाट्या किलोमीटरवर. बदलायचं निघालं तेव्हा बाहेर पडण्याच्या मार्गांचे क्रमांक बदलतील, आमचे पत्ते आणि जाहिराती वाया जातील, म्हणून रस्त्याकडेच्या व्यावसायिकांनीच विरोध केला. उलट स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ ला डावीकडून उजवीकडे वाहतूक नेली तेव्हा देशभरातले फलक एका रात्रीत फिरवले. त्यामागे काही वर्षांची तयारी होती, वेगळा निधी होता आणि एकच तारीख होती. आपल्याकडे नाव बदलल्याचं राजपत्र निघतं, पण पाट्यांची तारीख आणि पैसा त्यासोबत निघत नाही.

तेव्हा दहा जणांना पाठवण्यापेक्षा एक तक्रार करा. आधी रस्ता कुणाचा ते बघा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ किंवा ‘राजमार्गयात्रा’ ॲप, शहरातला असेल तर त्या त्या महापालिकेकडे. फोटोत जवळचा किलोमीटरचा दगड येऊ द्या. ‘हॉटेलच्या पुढे’ लिहिलं तर कुणी शोधायला जात नाही, साखळी क्रमांक, म्हणजे दगडावरचा किलोमीटरचा आकडा, लिहिला की कनिष्ठ अभियंत्याला सबब उरत नाही. आणि नुसतं ‘नवा फलक लावा’ लिहू नका. ‘जुना फलक खांब आणि पायासकट काढून खड्डा बुजवावा’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर खांब गॅस कटरने कापून वीतभर खुंट साइडपट्टीवर तसाच सोडतात, आणि रात्री टू-व्हीलरवाल्याला तो दिसत नाही.