मुंबईत टायर झिजून मरत नाही

टायरच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती किलोमीटर चालेल?" उत्तरही ठरलेलंच, पन्नास-साठ हजार. ज्यांच्याकडे जरा दमदार गाडी आहे, म्हणजे टर्बो पेट्रोल, सतरा-अठरा इंची रिम, बारीक साईडवॉल (टायरची उभी बाजू), त्यांनी या प्रश्नापासून सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे. आधी आपली गाडी वर्षाला किती फिरते ते बघा. बोरिवलीहून बीकेसीला रोज गाडी नेणाऱ्याचा हिशोब वेगळा. पण हौसेची गाडी आठवडाभर सोसायटीत उभी आणि रविवारी लोणावळा नाहीतर अलिबाग, असं असेल तर वर्षाला सात हजार होणंही कठीण. साठ हजार किलोमीटरचा टायर तिला साडेआठ वर्षं पुरेल. रबर तेवढी वाट बघत नाही. ऊन आणि हवेतला ओझोन त्याला पाच-सहा वर्षांत कडक करतात. नक्षी शाबूत दिसते, साईडवॉलवर केसासारख्या भेगा पडतात आणि जूनच्या पहिल्या सरीत ब्रेक दाबला की गाडी थांबायच्या ऐवजी सरकते.

म्हणून या शहरात 'टिकाऊ' या शब्दाचा अर्थच बदलून घ्यायला हवा. इथे हौसेच्या गाडीचा टायर झिजून संपण्याआधी बहुधा फुगा येऊन, आतून खाल्ला जाऊन किंवा म्हातारा होऊन जातो. यातलं एकही मरण ट्रेडवेअरच्या, म्हणजे झिजेच्या, आकड्यात दिसत नाही.

तो आकडा काय आहे तेही सांगतो, कारण त्याच्यावर भरवसा ठेवून लोक चुकीचे टायर घेतात. साईडवॉलवर ट्रेडवेअर ३२० किंवा ४०० असं कोरलेलं असतं. ही अमेरिकेची यूटीक्यूजी पद्धत. टेक्सासमधल्या ठरावीक रस्त्यांवर साधारण साडेअकरा हजार किलोमीटर गाडी चालवायची, संदर्भाच्या टायरला १०० धरायचं आणि त्याच्या तुलनेत झीज मोजून पुढचा अंदाज बांधायचा. शेवटचा आकडा कंपनीच स्वतःच्या टायरला देते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो बरा, दोन कंपन्यांची करायला नाही. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४ वर ३२० आणि ४एस वर ३०० आहे, यातून दोघांचा स्वभाव थोडा कळतो, इतकंच. त्याच्या शेजारचं ट्रॅक्शनचं अक्षर मी जास्त महत्त्वाचं मानतो, कारण ते ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगसाठी असतं. एए सर्वात वरचं, मग ए. मुंबईत चार महिने पाऊस असताना बीवाला टायर दमदार गाडीला घालू नये.

आता फुगा. खड्ड्याची कड किंवा उखडलेला पेव्हर ब्लॉक लागला की साईडवॉल रिमच्या ओठात आणि त्या कडेत चिमटली जाते. आतले धागे तुटतात, रबर शाबूत राहतं आणि हवा त्या कमजोर जागेतून बाहेर ढकलते. फुगा दुरुस्त होत नाही. टायर बदलायचाच, आणि तोवर एक्स्प्रेसवेवर जायचं नाही. यावर सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे साईडवॉलची उंची. २२५/४० आर १८ म्हणजे २२५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ४० टक्के साईडवॉल आणि १८ इंची रिम, त्यामुळे साईडवॉल ९० मिलिमीटर असते. एक इंच लहान रिम लावून २२५/४५ आर १७ घेतला तर १०१. अकरा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण खड्ड्यात तेवढ्यानेच रिम वाचते. चाकाचा एकूण व्यास ६३७ वरून ६३४ होतो, म्हणजे अर्धा टक्का फरक, स्पीडोमीटरला तो जाणवतही नाही. मात्र रिम घेण्याआधी चार गोष्टी तपासा: पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास), मधलं भोक, ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते) आणि ब्रेक कॅलिपरला (डिस्क दाबणाऱ्या भागाला) जागा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या ५x११२ वाल्या गाड्यांत मधलं भोक ५७.१ मिलिमीटरचं असतं. मोठ्या भोकाची रिम हब रिंगशिवाय (मधली फट भरणाऱ्या कडीशिवाय) बसवली की ऐंशीच्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं आणि बिचाऱ्या बॅलन्सिंगवाल्याला बोल लागतात. दमदार गाडीची पुढची डिस्क मोठी असते, म्हणून कॅलिपर रिमला घासत नाही ना हे एक रिम बसवून, हाताने फिरवून बघितल्याशिवाय चारचे पैसे देऊ नका.

दिसायला भारी म्हणून उलटं करणारे, सोळाची गाडी अठरावर नेणारे, मुंबईत पुष्कळ आहेत. मी सांगेन, करू नका. व्हर्टस जीटीला २०५/५५ आर १६ दिलाय, आय२० एन लाइनला १९५/५५ आर १६, आणि आपल्या रस्त्यांसाठी ती शहाणी मापं आहेत.

मापाच्या पुढचे आकडेही वाचा. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ९२ म्हणजे ६३०, ९४ म्हणजे ६७०. अक्षर वेगाचं: एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. समृद्धीवरसुद्धा मर्यादा १२० असताना डब्ल्यू कशाला, असं दुकानदार म्हणेल. पण ते अक्षर टायर किती उष्णता सोसतो त्याचंही आहे, म्हणून गाडीच्या पुस्तकात जे दिलंय त्याच्या खाली उतरू नका.

हवेबद्दल एक चूक इतकी सर्रास होते की राग येतो. खड्ड्यांत आराम वाटावा म्हणून लोक ३३ ची हवा २८ वर आणतात. त्याने साईडवॉल अधिक वाकते, तापते, चिमटणं सोपं होतं आणि दोन्ही कडा झिजतात. दाराच्या पट्टीवर असेल तेवढीच हवा, सकाळी गाडी हलवायच्या आधी, स्वतःच्या गेजने मोजून. पनवेलपर्यंत पोचल्यावर तीन-चार पीएसआय वाढलेली दिसेल, ती काढायची नाही. नायट्रोजनला हरकत नाही, गरजही नाही.

'टायर आतून खातोय' ही दुसरी तक्रार. दोष टायरला देतात, पण बहुतेक वेळा कारण टो असतो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकांची टोकं आत-बाहेर वळलेली असणं. खड्ड्याने टाय रॉड (स्टेअरिंग चाकाला जोडणारा दांडा) किंचित हलला की चाकं रस्त्यावर तिरकी घासत जातात. निगेटिव्ह कॅम्बरनेही (चाकाचा माथा आत झुकल्यानेही) आतली कड जाते, पण टो बिघडलेला असेल तर ती कितीतरी लवकर जाते. टायर बाहेरून छान दिसतो आणि आतल्या कडेला तार बाहेर आलेली असते. म्हणून महिन्यातून एकदा स्टेअरिंग पूर्ण वळवून आतली बाजू बोटांनी चाचपा. नवे टायर घालताना अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागा. बऱ्याच गाड्यांत पुढचा कॅम्बर फिरवता येत नाही. तो एकाच बाजूला बाहेर गेला असेल तर लोअर आर्म वाकलाय किंवा बुश गेलाय, आणि ते न बदलता नवे टायर घालणं म्हणजे पैसे गटारात.

रोटेशन, म्हणजे टायरांची जागा बदलणं, दर आठ हजार किलोमीटरला. बाणवाले टायर त्याच बाजूला पुढे-मागे. पुढे २२५ आणि मागे २५५ असं जोडमाप असेल तर पुढे-मागे अदलाबदल होत नाही, मागचे टायर लवकर जाणार हे धरून चला. दोनच टायर घेत असाल तर पुढून ओढणाऱ्या गाडीतही नवे मागेच, कारण पावसात मागचा भाग सुटला की गाडी आवरत नाही. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, खाचेतल्या उंचवट्यांना रबर टेकलं की तेवढी उरली असं समजा. पण मुंबईच्या पावसासाठी मी ३ ला बदलायला सांगतो. तुंबलेल्या रस्त्यावर शेवटच्या दीड मिलिमीटरची बचत फार महाग पडते.

मग घ्यायचा कुठला? शहरातली रोजची गाडी, दीडशे हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद: चांगल्या कंपनीचा टुरिंग (आरामाकडे झुकणारा) टायर, ओल्यात ए ग्रेडचा. दोनशेच्या पुढे आणि घाटात चालवायची आवड: पायलट स्पोर्टच्या वर्गातला, आणि तीस हजार किलोमीटरमध्ये संपला तरी कुरकुर नको. अपोलोने २००९ मध्ये घेतलेल्या व्रेडेस्टीनचे टायर आता भारतातही बनतात, तो पर्यायही बघा. बर्फासाठी बारीक चिरा पाडलेले ऑल सीझन आपल्याकडे निरुपयोगी.

जून २०२० पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, म्हणून अठरा-एकोणीसच्या मापांत दुकानात जुना माल सापडू शकतो. साईडवॉलवरचे चार अंक वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकमेकांच्या जवळच्या तारखेचे मागा, वर्षाहून जुना नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, बिलात तो तपासा. नवे व्हॉल्व्ह घालून घ्या. बोल्ट न्यूमॅटिक गनने पिळून सोडू देऊ नका, टॉर्क रेंचने घट्ट करायला सांगा. फोक्सवॅगन-स्कोडाला १२० न्यूटन-मीटर, आणि शंभर किलोमीटरनंतर एकदा पुन्हा. पहिले तीनशे किलोमीटर जोरात वळणं घेऊ नका, वरचा चकचकीत थर जायला तेवढं लागतं.

ज्यांच्या गाडीला कंपनीने रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे टायर) दिलेत आणि ते बदलून साधे घालायचेत, त्यांनी आधी डिकी उघडून बघा. स्टेपनी नसेल तर पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप टायरच्या बजेटमध्येच धरा. खांद्याजवळचं, म्हणजे नक्षी आणि साईडवॉल मिळतात तिथलं, पंक्चर काढून घेऊ नका. मधल्या नक्षीतलं असेल तर टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच मारायला सांगा.