फेस आला म्हणजे साफ झालं असं नाही

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून 'सगळ्या घराला एकच नैसर्गिक क्लीनर' बनवायचा व्हिडिओ परत फिरायला लागलाय. पाठवणाऱ्यांत माझी जवळची माणसंही आहेत. प्रत्येकाशी वेगळा वाद घालण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

घरी क्लीनर बनवायला माझा अजिबात विरोध नाही. मी स्वतः बनवतो, वापरतो. सिंकखाली दाटीवाटीने उभ्या असलेल्या त्या रंगीत बाटल्यांपैकी निम्म्या तरी निव्वळ लेबल वेगळं म्हणून विकल्या जातात, असं माझं ठाम मत आहे. तक्रार एवढीच की घरगुती कृतींमधली सगळ्यात लोकप्रिय कृती हीच सगळ्यात बिनकामाची आहे.

व्हिनेगर हे आम्ल. साध्या व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं. खायचा सोडा हा सौम्य अल्कली. दोघंही आपापल्या जागी कामाचे. पण एकत्र आले की ते मळाकडे बघतसुद्धा नाहीत, एकमेकांनाच संपवतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मागे उरतं पाणी आणि सोडियम ॲसिटेट नावाचा क्षार. १०० मिलि व्हिनेगर निकामी करायला जेमतेम ७ ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे साधारण दीड छोटा चमचा. त्यानंतर बाटलीत असतं ते जवळपास खारट पाणीच. वर फेस बसायच्या आत कुणी झाकण घट्ट लावलं तर गॅसच्या दाबाने बाटली फुटायची भीती, ती वेगळीच.

मग लोकांना फरक दिसतो तो कसा? फेस बघून उत्साह येतो, उत्साहात माणूस जोर लावून घासतो, आणि घासलं की निघतंच.

हे मी थट्टेने म्हणत नाही. हेंकेल कंपनीतले रसायनज्ञ हर्बर्ट सिन्नर यांनी १९५९ मध्ये सफाईचं एक साधं गणित मांडलं होतं, आणि व्यावसायिक सफाईवाल्यांना आजही तेच शिकवतात. मळ निघायला चार गोष्टी लागतात: रसायन, घासणं, उष्णता आणि वेळ. एक कमी केली तर उरलेल्यांनी ती भरून काढायची. घरगुती क्लीनर बहुतेक वेळा रसायनात लंगडे असतात. त्यामुळे त्यांना वेळ द्यायला हवा किंवा गरम पाणी तरी द्यायला हवं. व्हिडिओत फवारलं, पुसलं, चकाचक! घरी तसं होत नाही आणि लोक म्हणतात, 'हे नैसर्गिक वगैरे काही खरं नाही.' अहो, लावा आणि अर्धा तास दुसऱ्या कामाला लागा. मग या.

क्लीनर नैसर्गिक आहे का, हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिला प्रश्न असा की समोरचा मळ कसला आहे? नळावरचा पांढरा खरखरीत थर आणि चिमणीच्या जाळीवरचा मेणचट थर हे दोन पूर्ण वेगळे प्राणी आहेत. एकाला आम्ल लागतं, दुसऱ्याला अल्कली. दोन्ही एका बाटलीत मिसळून 'सगळ्यावर चालणारं' काही तयार होत नाही, कशावरच न चालणारं तयार होतं.

पांढरा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. जड पाणी वाळतं आणि त्यातला क्षार मागे राहतो. याला सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, मला व्हिनेगरपेक्षा कितीतरी बरं वाटतं. वास नाही, पूड असल्यामुळे जागा खात नाही, हवं तेव्हा हवं तेवढं कालवता येतं. कार्ल शेले या रसायनज्ञाने १७८४ मध्ये ते लिंबाच्या रसातून वेगळं काढलं होतं, तेव्हा 'नैसर्गिक'वाल्यांचंही समाधान व्हावं. लिटरभर कोमट पाण्यात एक-दोन मोठे चमचे घ्यायचे. नळाच्या तोंडाला भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवायचं, शॉवरची चाळणी काढून त्यात बुडवायची. किटलीतही चालतं, फक्त ते पाणी खळखळून उकळू नका. गरम केल्यावर कॅल्शियम सायट्रेट तयार होऊन खाली बसतं, आणि एक थर काढायला जाऊन दुसरा चिकटतो. थेट लिंबू पिळण्यापेक्षाही पूड बरी, कारण रसातली साखर आणि गर मागे चिकटपणा ठेवतात.

एक पथ्य मात्र कडक पाळायचं. संगमरवर आणि चुनखडीच्या फरशीवर कुठलंही आम्ल नको. ना व्हिनेगर, ना लिंबू, ना सायट्रिक. संगमरवर हा स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट आहे. जे आम्ल नळावरचा थर खातं ते फरशीची चकाकीही खाणार. तो फिका डाग पुसून जात नाही, पॉलिश करून घ्यावं लागतं.

आता तेलकट, ओशट मळ. इथे खऱ्या कामाचा आहे तो धुण्याचा सोडा, सोडियम कार्बोनेट. खायच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, ७ च्या वर म्हणजे अल्कली) ८ च्या जरा वर असतो, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास जातो. पीएचच्या मोजपट्टीत प्रत्येक आकडा दहापट असतो, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. गरम पाण्यात तो विरघळवून जाळी भिजत ठेवली की जुन्या तेलातल्या आम्लांशी त्याची गाठ पडते आणि जागच्या जागी थोडा साबणच तयार होतो. राखेने भांडी निघायची ती याच तत्त्वावर, राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. धुण्याचा सोडा मिळत नसेल तर खायचा सोडा ताटलीत पसरून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवा. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातं, वजन एक तृतीयांशाहून जास्त घटतं आणि उरतो तो धुण्याचा सोडा. हातमोजे घाला. ॲल्युमिनियमची भांडी, लोकर आणि रेशीम यांच्यापासून त्याला लांब ठेवा. ॲल्युमिनियम काळं पडतं आणि लोकर-रेशमाचा धागा खराब होतो.

खायचा सोडा मग कशाला? घासायला. त्याचे कण काचेपेक्षा बरेच मऊ असतात, म्हणून ओरखडे न पाडता मळ सुटतो. ओल्या फडक्यावर चिमूटभर घ्या, घासा, धुवा. आणि चांदीला. पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल, वर काळवंडलेली चांदी, त्यावर गरम पाणी, सोडा, थोडं मीठ. चांदीला फॉइलचा स्पर्श व्हायला हवा. काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. त्यातलं गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी वस्तूवरच परत बसते. पॉलिशने घासल्यावर दर वेळी थोडी चांदी निघून जाते, इथे जात नाही. अंडं सडल्यासारखा वास येईल, घाबरू नका. घरगुती सफाईतली माझी सगळ्यात आवडती कृती हीच.

तुंबलेल्या मोरीत सोडा आणि व्हिनेगर ओतण्याबद्दल एवढंच सांगतो: गॅस वरच्या वर निघून जातो, आत अडकलेला केसांचा बोळा जागचा हलत नाही. तो हाताने किंवा तारेनेच काढावा लागतो.

आता बायोएन्झाइमकडे वळतो. इथे काही लोक रागावणार आहेत. एक भाग गूळ, तीन भाग लिंबूवर्गीय फळांच्या साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने थांबायचं. कृती छान आहे, साली वाया जात नाहीत, मी नावं ठेवत नाही. पण आत घडतं काय? यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतात, जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसेटिक ॲसिड करतात. हाती येतं ते मुख्यतः सालीच्या वासाचं सौम्य, घरगुती व्हिनेगर. पातळ करून फरशी पुसायला उत्तम (संगमरवर सोडून, पुन्हा सांगतो). त्याने तलाव शुद्ध होतात, हवेत ओझोन तयार होतो असे दावे मात्र कृपा करून पुढे ढकलू नका. पहिले काही आठवडे झाकण रोज सैल करा आणि काचेची बरणी वापरूच नका, गॅस जोरात तयार होतो.

गंमत म्हणजे खरे, नेमके, काम करणारे एन्झाइम, म्हणजे डाग तोडणारी प्रथिनं, हवे असतील तर ते दुकानातल्या धुण्याच्या पावडरीत असतात. ओटो रोम या जर्मन रसायनज्ञाने १९१३ च्या सुमारास प्राण्यांच्या स्वादुपिंडातले एन्झाइम धुलाईत आणले. आता सूक्ष्मजीवांकडून ते बनवून घेतात. रक्ताचा डाग पडला तर थंड पाणी आणि एन्झाइमवाली पावडर. गरम पाण्याने प्रथिनं गोठतात आणि डाग पक्का बसतो. एन्झाइम निसर्गातलाच, बाटली मात्र कारखान्यातली. आता याला कुठल्या रकान्यात टाकणार?

रिठ्याचंही तसंच. त्यातलं सॅपोनिन खरोखर फेस करतं, तेल सोडवतं, नाजूक कपड्यांना झकास. पण रिठ्याचं पाणी काही दिवसांत आंबतं, कारण त्यात टिकवणारं काही नसतं. पाणी असलेल्या कुठल्याही घरगुती क्लीनरला हा नियम लागू आहे: थोडं बनवा, संपवा. आणि सॅपोनिन माशांना विषारी असतं. झाडावरून आलं म्हणून नदीला आपोआप मानवतं असं नाही.

किसलेल्या साबणाच्या पावडरीने मशीनमध्ये कपडे धुणाऱ्यांना एक सूचना. साबण आणि डिटर्जंट एक नव्हेत. जड पाण्यात साबणाची चिकट साय होते आणि ती कपड्यांवर आणि ड्रमच्या मागे साठत राहते. त्या साबणात व्हिनेगर मिसळलं तर आणखी वाईट, साबण फुटून पुन्हा चरबीची आम्लं वेगळी होतात.

स्वच्छ करणं आणि जंतू मारणं या दोन गोष्टी आहेत, आणि याबाबतीत मी हट्टी आहे. रोजच्या घराला जंतुनाशक लागतच नाही, साबण-पाण्याने मळासकट बहुतेक जंतू वाहून जातात. पण घरात कुणाला उलट्या-जुलाब असतील तेव्हा व्हिनेगरवर विसंबू नका. तिथे ब्लीच हवं. ५ टक्क्यांचं ब्लीच एक भाग आणि पाणी ४९ भाग घेतलं की ०.१ टक्का होतं. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडच्या वेळी पृष्ठभागांसाठी हेच प्रमाण सांगितलं होतं. आधी मळ धुवायचा, मग हे लावायचं, आणि द्रावण रोज ताजं करायचं. स्पिरिट वापरणार असाल तर ७० टक्क्यांच्या आसपासचं घ्या. अगदी शुद्ध अल्कोहोल पटकन उडतं, शिवाय जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच.

आणि या पोस्टमधलं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर, काहीही कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता तोच वायू, आणि बंद बाथरूममध्ये तो पळायला वेळ देत नाही. अमोनिया असलेल्या काच-क्लीनरबरोबरही ब्लीच नको. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एकाच बाटलीत नको. थोडक्यात, 'दोन चांगल्या गोष्टी मिसळल्या की जास्त चांगलं' हा विचार सफाईच्या कपाटात जिवावर बेतू शकतो. दुसरं, शरबताच्या किंवा पाण्याच्या जुन्या बाटलीत क्लीनर भरू नका. लहान मूल बाटलीच्या आकाराकडे बघतं, तुमच्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठीकडे नाही.

सुगंधी तेलांचे थेंब टाकायचे तर टाका, पण ते सफाईसाठी नाहीत, आपल्या समाधानासाठी आहेत. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं, आणि शेवटच्या फवाऱ्यात सगळं एकदम बाहेर येतं. घरात मांजर असेल तर टी ट्री तेल नकोच, तिला ते बाधतं.

बोरॅक्सचं विचारणारे असतातच, तर तेही सांगून टाकतो. ते खनिज आहे, खाणीतून निघतं, म्हणजे अगदी शंभर नंबरी नैसर्गिक. युरोपीय संघाने २०१० मध्ये त्याला प्रजननक्षमतेला घातक म्हणून विशेष चिंतेच्या रसायनांच्या यादीत टाकलं. मी ते घरात ठेवत नाही. धुण्याच्या सोड्याने माझं काम भागतं.