बुटाला केळ्याची साल लावायच्या आधी हे वाचा

आमच्या फॅमिली ग्रुपवर, मग सोसायटीच्या ग्रुपवर आणि काल ऑफिसच्या ग्रुपवर पण तोच मेसेज. "पॉलिशवर पैसे घालवू नका, घरातल्या वस्तूंनी लेदरचे बूट आयुष्यभर नव्यासारखे ठेवा." केळ्याची साल घासा, खोबरेल तेल लावा, डाग पडला तर टूथपेस्ट, वास आला तर खाण्याचा सोडा आणि भिजले तर कडक उन्हात वाळवा. सांगलीत विश्रामबागपासून गावभागापर्यंत सगळ्यांनी पुढं ढकललाय. मी शेवटून सुरू करतो, कारण उन्हाचं मी स्वतः करून बसलोय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा वडिलांचे बूट खालच्या कपाटातच राहिले. रिटायरमेंटच्या कार्यक्रमाला घेतलेले, तीनदाच घातलेले. पाणी उतरलं, ऊन पडलं आणि मी चिखल धुऊन ते गच्चीतल्या पत्र्यावर ठेवले. संध्याकाळी बघतो तर पापडासारखे कडक, आणि बोटं वाकतात तिथं आडव्या चिरा. वडील काही बोलले नाहीत, पण मला अजून वाईट वाटतं. चामड्याच्या तंतूंमध्ये कमावतानाच चरबी भरलेली असते, तिच्यामुळं ते वाकतं. ओल्या चामड्याला एकदम उष्णता लागली की तंतू आक्रसतात, एकमेकांना चिकटतात, चरबीही जागची हलते आणि मग वरून काहीही चोपडलं तरी चिरा बुजत नाहीत. हेअर ड्रायरचं पण तेच. आत कोरे कागद कोंबायचे, तासा-दोन तासांनी बदलायचे आणि बूट पंख्याच्या वाऱ्यात आडवे ठेवायचे म्हणजे सोललाही हवा लागते. दोन दिवस लागले तर लागू देत.

आता खोबरेल तेल. इथं लोक म्हणतात, आमचे आजोबा चपलेला तेलच लावायचे, काय झालं? आजोबांचं बरोबर होतं की! पण ती कोल्हापुरी होती. जाड चामडं, बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं, वर रंगाचा थर नाही, ते तेल पिऊन घेतं. (२०१९ लाच कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्यात आपला सांगली जिल्हापण आहे, त्यामुळं हा फरक निदान आपल्याला तरी माहीत पाहिजे.) तुमच्या ऑफिसच्या बुटाचं चामडं बहुतेक वेळा क्रोमनं (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं असतं, पातळ, वर फिनिश दिलेलं. त्यावर तेल ओतलं की चामडं डागाळतं, ढिलं पडतं, सोल चिकटवलेला असेल तर तोही सुटायला लागतो. शिवाय खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, डिसेंबरात बाटलीत बघताच की आपण, तसंच ते बुटाच्या घड्यांमध्ये पांढरं होऊन बसतं आणि त्यावर धूळ चिकटते. ओलावा टिकवायचा तर लेदर क्रीम घ्या, बोटाच्या टोकाएवढं, महिन्या-दोन महिन्यांनी एकदा.

टूथपेस्टची युक्ती खरी आहे पण ती पांढऱ्या स्नीकरच्या रबरी सोलची, तिथनं उचलून कुणीतरी लेदरला चिकटवलीय. पेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते. दाताचं एनॅमल ती सोसतं, बुटाचा रंग नाही सोसत. डागाबरोबर फिनिशपण जातं आणि तो एक ठिपका कायम मॅट राहतो.

सोडा म्हणजे अल्कली आणि चामडं जात्याच थोडं आम्लधर्मी, त्यामुळं पाण्यात कालवून बाहेरून लावलात तर ते कोरडं पडत जातं. वासासाठी आत कोरडा भुरभुरून सकाळी झटकला तर माझी हरकत नाही. पण वास येतो घामानं, आणि तो जायला बुटाला एक दिवस सुट्टी पाहिजे. रोज तोच जोड घालू नका, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

केळ्याची साल? चमकते ती ओल आणि चिकटपणा, दुसऱ्या दिवशी धूळ आणि मुंग्या. म्हणे सालीत पॉटॅशियम असतं. असेल, पण बुटाला चमक मेणामुळं येते, पॉटॅशियमचा तिथं काय संबंध?

आणि पॉलिशवर पैसे जातात म्हणाल तर मेणाच्या पॉलिशची एक छोटी डबी माझ्याकडं वर्षभर पुरते. लेस काढा, ब्रशनं धूळ झाडा (शिवणीत जास्त बसते), घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या. मग पॉलिश अगदी पातळ, दहा मिनिटं थांबा, घोड्याच्या केसांचा ब्रश, शेवटी जुन्या बनियनचं फडकं. स्पंजवाल्या लिक्विडनं चमक झटकन येते पण त्यातल्या बऱ्याच प्रकारांचा वर पापुद्रा बसतो आणि तो घडीवर तडकतो, रोजच्याला नको. सुएडला, म्हणजे वर मखमलीसारखी लव असलेल्या चामड्याला, यातलं काहीच नाही, फक्त कोरडा ब्रश.

पावसाळ्यात बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, कापडी पिशवी चालेल. पांढरी बुरशी आलीच तर घराबाहेर नेऊन झाडा, व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून त्या फडक्यानं हलकं पुसा, आधी आतल्या कोपऱ्यात रंग उतरत नाही ना ते बघून, आणि सावलीत पूर्ण वाळल्यावरच क्रीम लावा.