रस्ता सरकारी हवा, तर भिंत पाडा

गेले दोन आठवडे बाबांच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चालू आहे. कॉलनी बत्तीस बंगल्यांची, शहराच्या हद्दीत मागाहून आलेल्या गावातली. लेआउट पाडणाऱ्याने एनए (बिगरशेती) प्लॉट विकले, आतला रस्ता एकदा डांबरी केला आणि तो निघून गेला. त्या रस्त्याचा सातबारा आजही मूळ शेतकऱ्याच्या नावावर आहे. पावसाळ्यात खड्डे पडले की वर्गणी काढून मुरूम टाकायचा आणि घरपट्टी मात्र शहराच्या दराने भरायची. म्हणून रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित करा, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पण कॉलनीच्या टोकाची कंपाउंड भिंत पाडून रस्ता पलीकडे जोडावा, असं दादाने लिहिलं आणि ग्रुप पेटला. बाहेरच्या गाड्या येतील, चोऱ्या वाढतील, मुलांनी खेळायचं कुठे?

मी दादाच्या बाजूची आहे, आणि त्याला कारण इथलं, अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातलं माझं राहणं आहे.

व्हर्जिनियात गावगल्लीचे रस्ते राज्य सरकार सांभाळतं. १९३२ साली, मंदीच्या दिवसांत, काउंट्यांना, म्हणजे इथल्या जिल्ह्यांना, रस्त्यांचा खर्च झेपेना तेव्हा कायदा करून ते राज्याने आपल्याकडे घेतले. आर्लिंग्टन आणि हेन्रायको या दोन काउंट्या आजही आपले रस्ते आपणच बघतात. बाकी काउंट्यांत बिल्डरने नवी वसाहत बांधली की रस्ते ठरलेल्या मापाने करायचे, तोवर काउंटीकडे हमीची रक्कम अडकवून ठेवायची, आणि तपासणी झाली की काउंटीच्या ठरावाने तो रस्ता राज्याच्या यादीत जातो. त्याला सहाशेच्या पुढचा क्रमांक मिळतो. मैत्रिणीच्या चौदा घरांच्या गल्लीलाही असा क्रमांक आहे.

आमच्या रो-हाउसच्या गल्लीला नाही. ती अरुंद आहे, राज्याच्या मापात बसत नाही, म्हणून खासगी. तिचा खर्च रहिवासी संघाच्या वर्गणीतून होतो. याचा अर्थ मला जानेवारी २०१६ च्या हिमवादळात कळला. डलेस विमानतळावर एकोणतीस इंचांवर बर्फ पडला होता. बर्फ ढकलणारा सरकारी ट्रक आमच्या कोपऱ्यापर्यंत आला, वळला आणि परत गेला. डांबर तेच, पुढे फक्त हद्द बदलत होती. आमचा ठेकेदार तिसऱ्या दिवशी उगवला. शेजारच्या आजींना डायलिसिसला न्यायचं होतं, म्हणून आम्ही सात-आठ जणांनी फावड्यांनी कोपऱ्यापर्यंत वाट काढली. त्यामुळे रस्ता सरकारी व्हावा ही बाबांची तळमळ मला पुरती समजते.

पण इथल्या राज्याने २००९ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं, आणि ते मला फार पटतं. नवा रस्ता सांभाळायला घ्यायचा तर तो आजूबाजूच्या रस्त्यांना जोडलेला हवा, अशी अट घातली. जो रस्ता एका वसाहतीतच शिरतो आणि तिथेच संपतो, त्याच्यावर सगळ्या राज्याचा पैसा का खर्चायचा, हा त्यामागचा सरळ विचार. जोडणी मोजायचं एक सूत्रही होतं: रस्त्याचे तुकडे भागिले चौक. बिल्डरांनी ओरड केली, दोन-तीन वर्षांत ते सूत्र काढून टाकलं आणि नियम सैल झाले. पण एकाहून अधिक दिशांना जोडणी द्यायची, हे तत्त्व राहिलं. शेजारी रिकामी जमीन असेल तर रस्ता तिच्या हद्दीपर्यंत नेऊन सोडायचा आणि तिथे पाटी लावायची की हा पुढे जोडला जाणार आहे. म्हणजे घर घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. तरी जोडायची वेळ आली की इथेही लोक विरोधाला उभे राहतात, आणि कारणं अगदी बाबांच्या ग्रुपवरचीच देतात.

मुलांच्या खेळण्याची काळजी मात्र खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. तिच्यासाठी गतिरोधक मागा, ट्रक-टँकरना बंदी मागा, लेआउटमधली मोकळी जागा, जिथे आज वाळूचे ढीग आहेत, ती साफ करून मागा. भिंतीने मात्र मुलांचंच नुकसान होतंय. शाळा भिंतीपलीकडे अडीचशे मीटरवर आहे, आणि पोरांना हायवेच्या कडेने दोन किलोमीटरचा वळसा घालून सायकली न्याव्या लागतात. फूटपाथ नाही, बाजूने डंपर जातात. गेल्या भेटीत मी भाचीच्या मागे स्कूटरवरून गेले होते. ती एका हाताने ओढणी सावरत, दुसऱ्या हाताने हँडल धरून त्या कडेने जात होती.

आपल्याकडे गुंठ्यागुंठ्याने विनापरवाना पाडलेले प्लॉट नियमित करणारा २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात आणली. घरं नियमित होतात, शुल्क भरलं जातं. पण दोन वस्त्यांमधला तुटलेला वीसेक फुटांचा रस्ता त्याने आपोआप जुळत नाही. तो लोकांनीच मागावा लागतो, आणि हस्तांतराच्या वेळीच मागावा, कारण तेव्हा मोजणी होते, नकाशे निघतात, मूळ मालकाची सही घ्यावी लागते. एकदा कागद झाले की भिंत कायमची.

रविवारी कॉलनीची सभा आहे. काल बाबांनी फोनवर ठरावाचा मसुदा वाचून दाखवला. रस्ता ताब्यात घ्यावा, दिवे बसवावेत, गटार करावं. मी म्हटलं, ‘बाबा, भिंतीचं?’ ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘सांग, कसं लिहू?’ मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले.