‘गावची पोरं धट्टीकट्टी’ वाला मेसेज पुढे ढकलण्याआधी

नाशिकच्या सोसायटी ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, की गावाकडची पोरं भाकरी, ताजं दूध, रानभाज्या खाऊन धट्टीकट्टी असतात, कुपोषण झालंय ते शहरातल्या नूडल्स-बर्गरवाल्यांचं, म्हणून पोरांना सुट्टीत गावी पाठवा. पाठवा की, कोण नाही म्हणतंय. पण बाकीचं जरा बघू.

आधी आकडे. 2019-21 ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की पाच वर्षांखालची उंची खुंटलेली मुलं देशात गावाकडे 37.3 टक्के आणि शहरात 30.1. म्हणजे मेसेजच्या बरोब्बर उलटं. शहरवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नका, उंचीच्या मानाने वजन कमी असलेली गावात 19.5 आणि शहरात 18.5, फरक नावापुरताच.

ताजं दूध म्हणाल तर सिन्नर-निफाडकडे ते सकाळीच कॅनमधून डेअरीवर जातं, घरात राहतं चहापुरतं. इगतपुरीकडची डांगी गाय तर औताची जात, दुधाला बेताचीच.

आता भाकरी. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या भाकरीबद्दल मेसेज खरं बोलतो, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण दीड वर्षाच्या पोराला ती मऊ करून, दिवसातून तीन-चार वेळा थोडी थोडी भरवणार कोण? ऑक्टोबर छाटणी झाली की पेठ-सुरगाण्याची मजूर जोडपी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांत येतात, मग थिनिंग (घडातले जादा मणी काढणं), डिपिंग (घड औषधात बुडवणं), आई दिवसभर वेलीखाली आणि बाळ बांधावरच्या झोळीत, सांभाळायला सात-आठ वर्षांची ताई, ती बिचारी बाळाला चहात बुडवून बटर (टोस्टसारखं, लोणी नव्हे) देते कारण तेच हाताशी असतं. त्यात पाणी कुठलंही, जुलाब लागले की खाल्लेलंही अंगी लागत नाही. त्याच पाहणीत सहा महिने ते दोन वर्षं या वयात पुरेसा आहार मिळणारी मुलं देशात जेमतेम 11 टक्के होती, हे वाचून मला तरी बर्गरची चिंता राहिली नाही.

बरं, पॅकेटबंद खाणं फक्त शहरात? हरसूलसारख्या गावातल्या टपरीवर पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात, बघून या. आणि शहर म्हणजे नुसता पैसेवाल्यांचा गंगापूर रोड नव्हे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांजवळ एका खोलीत राहणारं, आईबाप दोघं शिफ्टला जाणारं घरही शहरच आहे, सरासरीत ती पोरं दिसत नाहीत एवढंच. पोराच्या ताटात काय पडतं ते घरातल्या मजुरीवर, आईला मिळणाऱ्या वेळेवर आणि पाण्यावर ठरतं, पत्त्यावर कमीच.

मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी ज्यांचे मळे आहेत त्यांनी एवढं करा, यंदा मजुरांची टोळी आली की सोबतच्या लहान पोरांची नावं जवळच्या अंगणवाडीत सांगा. गाव दुसरं असलं तरी आहार तिथे मिळतो, आणि सेविका दंडाला पट्टी लावून बघते, साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली भरला तर मूल तीव्र कुपोषित, मग थेट दवाखान्यात दाखवायचं.