पाच फूट सात इंचांचा खोटा उंबरठा

गेल्या गणपतीपासून आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत एक संदेश फिरतो आहे. मला तो चार जणांकडून आला, चौघेही जिव्हाळ्याचे. मजकूर थोडक्यात असा: फायटर पायलट व्हायचं तर उंची किमान पाच फूट सात इंच लागते, त्याखालचा अर्ज पहिल्याच दिवशी बाद. मुलींना सूट असते. सहा फुटांवरच्यांना घेत नाहीत, कारण विमानातून इजेक्ट होताना, म्हणजे संकटात खुर्चीसकट बाहेर फेकलं जाताना, त्यांचे पाय तुटतात. चष्मा लागला की विषय संपला. जेटमधला ताण सोसायची ताकद जन्मजात असते, शिकून येत नाही. आणि शेवटी उपाय: रोज वीस मिनिटं बारला लटका, सहा महिन्यांत दोन इंच वाढतात. खाली ठळक अक्षरांत 'पालकांनी जरूर वाचावे'.

पालकांनी वाचलं, म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घरीच अकरावी-बारावीचं फिजिक्स शिकवते. इथल्या महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर मिराज-२००० विमानं १९८५ पासून आहेत. बालाकोटवर गेलेली मिराजही २०१९च्या फेब्रुवारीत इथूनच उडाली होती. विमान डोक्यावरून गेलं की माझ्या खिडकीच्या काचा थरथरतात आणि अर्धा वर्ग वही सोडून वर बघतो. या वर्षी त्यांत बारावीची एक मुलगी आहे. गणित पक्कं, रोज पहाटे धावायला जाते, एनडीएचा, म्हणजे बारावीनंतर सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीचा, फॉर्म भरायचा म्हणून वर्षभर अभ्यास करते आहे. एका संध्याकाळी ती म्हणाली, "काकू, बाबा म्हणतात फॉर्मच भरू नको. पाच-सात लागते म्हणे, मी पाच-चारच आहे." तिच्या बाबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पोरीचा हिरमोड पुढे होण्यापेक्षा आत्ताच झालेला बरा, असंच कुणालाही वाटेल. पण ज्या आकड्यावर तो हिरमोड झाला, तो आकडाच खोटा आहे.

हवाई दलाच्या एएफकॅटच्या, म्हणजे अधिकारी भरतीच्या प्रवेश परीक्षेच्या, अधिसूचनेत उड्डाण शाखेसाठी किमान उंची १६२.५ सेंटिमीटर दिलेली आहे. म्हणजे पाच फूट चार इंच, तेही केसभर कमीच. पाच फूट सात म्हणजे १७० सेंटिमीटर. साडेसात सेंटिमीटरचा फरक! आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली नेमकी या साडेसात सेंटिमीटरच्या पट्ट्यात येतात, आणि त्या सगळ्यांना हा संदेश दारातूनच परत पाठवतो आहे.

उंची हा तर चार मोजमापांतला एकच आकडा आहे. उरलेली तीन संदेश लिहिणाऱ्याला ठाऊकच नसावीत. बसल्यावरची उंची, म्हणजे बैठकीपासून डोक्यापर्यंत: किमान ८१.५, कमाल ९६ सेंटिमीटर. पायाची लांबी: किमान ९९, कमाल १२०. मांडीची लांबी: कमाल ६४. पायाची लांबी म्हणजे शिंपी पँटसाठी घेतो ते माप नव्हे. भिंतीला पाठ टेकून, पाय समोर सरळ पसरून बसायचं आणि पाठीमागच्या भिंतीपासून टाचेपर्यंत मोजायचं. मांडीचं मापही तसंच, मागून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत.

ही मापं कुणी मनाला येईल तशी ठरवलेली नाहीत, ती खुर्चीवरून आली आहेत. वैमानिक पट्ट्यांनी जखडून बसतो, पुढे सरकायची सोय नसते. रडरचे, म्हणजे शेपटाच्या सुकाणूचे, पेडल पुढेमागे करता येतात, खुर्ची वरखाली होते, पण त्यालाही हद्द असते. पाय आखूड पडला तर पेडल पूर्ण दाबता येत नाही. बसल्यावर बुटका ठरला तर उतरताना नाकापलीकडची धावपट्टी नीट दिसत नाही, फार उंच ठरला तर हेल्मेट कॅनॉपीला, म्हणजे डोक्यावरच्या काचेच्या झाकणाला, लागतं. म्हणून हातात टेप घेतल्याशिवाय 'तू बसतोस' किंवा 'तू बसत नाहीस' असं कुणी कुणाला सांगू नये.

टेप मी घेतलीच. शिवणाच्या डब्यातली, आणि भिंतीला लावायला वर्गातला मोठा काटकोनी गुण्या. मुलीला फरशीवर बसवलं, पाठ आणि कंबर भिंतीला चिकटवून. पहिल्यांदा पायाचा आकडा १०२ आला आणि ती हरखली. मग मी पाहिलं तर कंबर भिंतीपासून दोन बोटं पुढे सरकलेली. परत मागे रेटून बसवलं, गुडघा हाताने दाबून सरळ केला, टाचेशी गुण्या उभा धरला. १००. पुन्हा मोजलं, तेच. मांडी ५६, बसल्यावरची उंची ८५, उभ्याने १६४. चारही मापं बसतात, पण पायाचं जेमतेम एका सेंटिमीटरने. ते मी तिला आणि तिच्या बाबांना तसंच सांगितलं. खोटा धीर द्यायचा नव्हता. वैद्यकीय मंडळाचं माप मंडळाचं. माझी टेप फक्त एवढंच सांगते की फॉर्म न भरण्याचं हे कारण नाही. एनडीएवाल्यांनी त्या त्या वर्षीच्या अधिसूचनेचं वैद्यकीय परिशिष्ट स्वतः उघडून वाचावं. ते सगळ्यांना खुलं आहे.

उभ्याची उंची सारखी असली म्हणून बाकीची मापं सारखी येत नाहीत. अमेरिकेच्या हवाई दलात १९५०च्या सुमारास गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने ४,०६३ वैमानिकांच्या मापांचा अभ्यास केला. कॉकपिटसाठी महत्त्वाची दहा मापं घेतली आणि दहाही मापांत सरासरीच्या जवळपास बसणारे किती, हे मोजलं. एकही निघाला नाही. चार हजारांत एकही नाही! खुर्ची, पेडल, पट्टे हे हलवता येतील असे असावेत, हा विचार पुढे रुजला त्यात या मोजणीचा मोठा वाटा आहे. त्याच हवाई दलाने पाच फूट चार ते सहा फूट पाच ही उभ्या उंचीची सरसकट अट २०२० मध्ये काढून टाकली. विमानात बसतो की नाही हे ते आता माणसाच्या मापांवरून बघतात.

मुलींना सूट असते, हे तर मला सर्वांत जास्त टोचलं. उड्डाण शाखेसाठी मुलगा-मुलगी दोघांनाही १६२.५च. खुर्ची तीच, पेडल तेच, तर माप वेगळं कसं असेल? मुलींसाठी कमी उंचीची अट आहे ती जमिनीवरच्या शाखांत, आणि तिचाच घोळ इथे झालेला दिसतो. 'सूट' हा शब्द वाचणाऱ्याच्या मनात काय पेरतो, हे सांगायला नको. अवनी चतुर्वेदी आपल्याच मध्य प्रदेशातली, रीव्याची. जून २०१६ मध्ये भावना कंठ आणि मोहना सिंग यांच्याबरोबर ती देशातल्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिकांपैकी एक झाली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये जामनगरहून तिने एकटीने मिग-२१ उडवलं. त्या मिगने तिला कसली सूट दिली असेल? एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली, सतरा जणी.

आता पाय तुटण्याची गोष्ट. यात सत्याचा एक धागा आहे, म्हणूनच ती लोकांना पटते. इजेक्शनची खुर्ची रुळावरून वर सुटते तेव्हा गुडघा समोरच्या पॅनेलच्या किंवा काचेच्या चौकटीच्या वाटेत आला तर भयंकर इजा होईल. मांडीची ६४ सेंटिमीटरची मर्यादा त्यासाठीच आहे. पण ती मांडीची आहे, उंचीची नव्हे. सहा फूट एक इंचाच्या मुलाची मांडी ६२ भरली तर तो चालतो. पाच फूट दहाच्या मुलाची ६५ भरली तर तो नाही. शिवाय खुर्ची सुटताच पोटऱ्यांभोवतीचे पट्टे पाय मागे ओढून खुर्चीला घट्ट धरतात. इजेक्शनमध्ये खरा मार बसतो तो पाठीच्या कण्याला. म्हणून वैद्यकीय तपासणीत कण्याचे एक्स-रे इतक्या बारकाईने पाहतात.

चष्म्याच्या बाबतीत संदेश बराचसा खरा आहे, आणि ते मान्य केलंच पाहिजे. उड्डाण शाखेत लघुदृष्टीचा, म्हणजे उणे नंबर चालत नाही. अधिक नंबर ठराविक मर्यादेपर्यंत चालतो आणि रंगदृष्टी पहिल्या प्रतीची लागते. पण यातून निघालेला सल्ला घातक आहे. सतराव्या वर्षी मुलाचे डोळे लेसरने करून घेणारे पालक मी पाहिले आहेत. लेसर करून आलेल्यांसाठीच्या नियमात शस्त्रक्रिया विशीच्या आधी झालेली नसावी असं लिहिलेलं असतं. म्हणजे घाई करून पैसे गेले आणि वाटही बंद झाली. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे परिशिष्ट घेऊन जा, मग काय ते ठरवा.

ताकद जन्मजात असते, हा सगळ्यांत चुकीचा दावा, आणि माझ्या विषयातला. वर्गात मी हे फळ्यावर करून दाखवते. हृदयापासून डोळ्यापर्यंत अंतर साधारण ३० सेंटिमीटर. एवढ्या उंच रक्ताच्या स्तंभाचा दाब सुमारे २३ मिलिमीटर पाऱ्याएवढा. हृदयाजवळ दाब १२० असेल तर डोळ्याशी ९७ उरतो. विमानाने तीव्र वळण घेतलं आणि ५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट ओढ, आली की तो स्तंभ पाचपट जड होतो: २३ गुणिले ५, म्हणजे ११५. डोळ्याशी जवळजवळ काहीच पोचत नाही. आधी रंग फिके पडतात, कडेचं दिसेनासं होतं, मग काळोख, आणि ओढ तशीच राहिली तर शुद्ध हरपते. सैल बसलेल्या कुणाचंही चार-पाच जीपाशी हेच होतं, पैलवान असो की पाच फुटी मुलगी. उंच माणसाचा स्तंभ उलट दोन सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे या हिशेबात त्याचंच थोडं नुकसान.

मग मिराजमध्ये ९ जीपर्यंत माणूस कसा जातो? जी-सूट पाय आणि पोट आवळून एक-दीड जीची भर घालतो. बाकीचं शिकावं लागतं. पोटऱ्या, मांड्या, नितंब, पोट सगळं एकाच वेळी घट्ट करायचं, श्वास छातीत कोंडून जोर लावायचा, दर तीन सेकंदांनी झटक्यात थोडी हवा बदलायची, आणि हे करताना समोरच्या विमानावरची नजर हलू द्यायची नाही. नीट जमलं तर या एका तंत्राने आणखी तीनेक जी सोसता येतात. बंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत गरगर फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये बसवून त्याची तालीम देतात. घरी श्वास कोंडून कुणी प्रयोग करू नये, पण पायांची आणि पोटाची ताकद आत्तापासून कमावता येते. माझी विद्यार्थिनी नुसतीच धावायची. आता आठवड्यातून तीन दिवस बैठकाही मारते.

आणि हे सगळं पहिल्या दिवशी कुणी मागतच नाही. हैदराबादजवळ दुंडीगलच्या हवाई दल अकादमीत सुरुवात पिलाटस पीसी-७ या पंख्याच्या विमानावर होते. तिथल्या कामगिरीवरून फायटर, मालवाहू की हेलिकॉप्टर हे ठरतं. फायटरवाले पुढे बिदरला हॉक जेटवर घडतात आणि मग कुठे स्क्वाड्रनमध्ये जातात.

लटकण्याबद्दल दोनच ओळी. कण्याच्या चकत्या रात्री फुगतात आणि दिवसभर दबतात, म्हणून सकाळी सगळेच सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतात. लटकून मिळतं ते तेवढंच, आणि चहा होईपर्यंत ते जातं. हाडांची वाढ थांबल्यावर ना बार उंची वाढवतो, ना डब्यातली पावडर. आमच्याच भागातल्या एका क्लासने मुलांना महिन्याला दोन हजारांची पावडर विकली. घेणाऱ्यांत एका रिक्षावाल्याचा मुलगा होता. मला याचा संताप येतो.

ज्याची खरोखर धास्ती घ्यावी ते मात्र संदेशात नाहीच. निवड मंडळात संगणकावर जी वैमानिक-क्षमता चाचणी होते, ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर उड्डाण शाखेचं दार कायमचं बंद. उपकरणांचे आकडे झटकन वाचणं, हात आणि पाय दोन वेगळी कामं करत असताना नजर तिसरीकडे ठेवणं, हे तिथे तपासतात. तिथे झोप न होता, घाबरून, 'बघू तरी' म्हणून जाऊ नये. पालकांना काही जरूर वाचायला द्यायचं असेल तर हे द्या.

फॉर्म तिच्या बाबांनी स्वतः बसून भरला. लष्कर-मुरारकडची जी मुलं आकडा ऐकून मागे हटली असतील, त्यांनी माझ्याकडे यावं, पैसे लागत नाहीत. अनवाणी, पातळ पायजम्यात, आणि संध्याकाळी सहानंतर. मी मुद्दाम संध्याकाळीच मोजते. दिवसभर दबल्यावर जो आकडा येतो तो सकाळीही खोटा पडत नाही.