भिजलेलं थोबाड चमकतं

शनिवारपासून माझं नाक वाहतंय. ज्यांच्यापायी वाहतंय ती कबुतरं इंग्लंडातल्या लिंकनशायरमधल्या एका आयव्हीच्या वेलाने लपेटलेल्या झाडीत ठणठणीत कोरडी बसलेली आहेत. माझ्यासारखी शिंकत असतील असं वाटत नाही.

झालं असं, की आमच्या शेजाऱ्याचे एक मामा आहेत. वय ऐंशीच्या आसपास. गावातल्या शेतकऱ्यांसाठी ते पिकावरची कबुतरं मारतात. शेजारी म्हणाला, "शनिवारी येतोस का मामांबरोबर? बंदुकीला हात लावायचा नाही, नुसतं बसून बघायचं." श्रावण चालू होता. पण श्रावणात बघायला कुठे बंदी आहे? गेलो.

आता इथलं कबुतर म्हणजे आपल्या जिन्यात घाण करणारा पारवा नव्हे. हे रानकबुतर. चांगलं अर्ध्या किलोचं, छाती गुलाबी, मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा पट्टा, चालणं नुकत्याच निवडून आलेल्या सरपंचाचं. मोहरीची कोवळी पानं, वाटाणा, गहू, सगळं त्याला चालतं. उभ्या गव्हात मात्र त्याला उतरता येत नाही, ताटं टोचतात. वारापावसाने गहू आडवा झाला की पंगत मांडलेलीच. म्हणजे पाऊस आधी गहू लोळवून कबुतरांना आवतण देतो, आणि मग स्वतःच असा धो धो कोसळतो की पाहुणे घराबाहेर पडत नाहीत. या दोन पावसांच्या मधल्या फटीत माणसाने बंदूक घेऊन बसायचं, हे या छंदाचं एकंदर स्वरूप. मला ते चिखलात मांडी घालून बसल्यावर समजलं.

चराच्या कडेला काठ्या रोवून त्यावर हिरवी-तपकिरी जाळी टाकली होती. त्या आडोशात आम्ही तिघं. समोर लोळलेल्या गव्हात मामांची प्लॅस्टिकची कबुतरं वाऱ्याकडे तोंड करून बसवलेली, मध्ये मोकळं अंगण. खऱ्याने वरून बघावं, आपली माणसं जेवतायत असं समजावं आणि त्या अंगणात उतरावं. आमच्याकडे मंगळवेढ्याला ज्वारीत बुजगावणं उभं करतात ते पाखरं पळावीत म्हणून. इथे खोटी पाखरं मांडतात ती खरी यावीत म्हणून. आणि या खोट्या पाखरांचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे पाऊस. प्लॅस्टिक भिजलं की चमकतं, आणि चमकणारं कबुतर निसर्गात नसतं हे कबुतराला पक्कं ठाऊक आहे. म्हणून त्यांच्यावर मखमलीसारखा बारीक लवेचा थर देतात. मामांच्या कबुतरांचा तो थर जुना होऊन जागोजाग उडाला होता. त्यामुळे मामा दर थोड्या वेळाने उठायचे, टॉवेल घेऊन एकेक कबुतर पुसायचे, परत येऊन बसायचे. तोवर पहिलं पुन्हा चमकायला लागलेलं असायचं.

"चमक," मामा म्हणाले, "चमक सगळा घोटाळा करते. बंदुकीची नळी, घड्याळाची काच, माणसाचं थोबाड. ओलं थोबाड तर मैलावरून दिसतं."

असं म्हणून त्यांनी डोक्यावरून जाळीचा बुरखा ओढला. एक भाच्याला दिला. मी हात पुढे केला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही. मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून, हार्डवेअरच्या दुकानात रंगाचं कार्ड उजेडात धरतात तसं पाहिलं. आणि म्हणाले,

"तुला नको. तू मुळातच मॅट आहेस."

शेजारी एकदम स्वतःच्या बुटांच्या नाड्या तपासायला लागला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या, ते रबरी होते.

सकाळी आठला, भर पावसात, हातात भरलेली दुनळी धरलेल्या माणसाला यावर काय उत्तर द्यायचं असतं? मी "थँक यू" म्हणालो. घरी आल्यावर अंघोळीत मला फार सुंदर उत्तरं सुचली. दोन तर इंग्रजीत सुचली. मामांच्या बोलण्यात खोच नव्हती, हेच तर जास्त लागलं. टोमणा असता तर टोमण्याने उत्तर दिलं असतं. ते मनापासून कौतुक करत होते, आपल्या टॉवेलने पुसलेल्या कबुतरांकडे बघत होते तितक्याच आपुलकीने. या देशात इतकी वर्षं कर भरल्यावर, मुलाच्या शाळेच्या जत्रेत केक विकल्यावर आपली नोंद अशी, कमी चमकणारा माल म्हणून.

माझी छत्री तर आधीच जप्त झाली होती. लाल होती.

पाऊस वाढला. तारेवर एक कबुतर येऊन बसलं, कलंडलं, आणि त्याने एक पंख सरळ वर उचलला. मला वाटलं जखमी आहे. मामा कुजबुजले, "अंघोळ करतोय." खरंच. एक काख धुऊन झाल्यावर त्याने दुसरी उचलली. पंखातून मैद्यासारखी भुकटी गळते या पक्ष्याच्या, तीच त्याचा रेनकोट. खिडकीच्या काचेवर आपटला तर काचेवर पंखांसकट पांढरा छाप उमटतो. एवढी सोय असलेल्याने पावसात हौसेने अंघोळ करावी आणि आम्ही त्याला मारायला आलेल्यांनी कुडकुडत बसावं. तो बंदुकीच्या टप्प्याबाहेर होता, आणि अंतराचा अंदाज त्याला आमच्यापेक्षा चांगला असावा.

पक्षी नसले की मामा बोलतात. पूर्वी काडतुसांची टरफलं कागदी असायची, पावसात फुगून नळीत अडकून बसायची, हे झालं. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद काढला. सरकारी परवाना. इथे मौज म्हणून रानकबुतर मारता येत नाही. पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी मारता येतं, तेही इतर उपायांनी भागत नसेल तर. 2019 च्या एप्रिलमध्ये कोर्टकचेरीच्या धाकाने हे परवाने अचानक रद्द झाले होते, मग नवे निघाले. त्या मधल्या दिवसांचा राग मामांच्या मनात अजून ताजा आहे. पेरणी ऐन भरात असताना हात बांधून बसलो, असं ते म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज खरोखर कापरा झाला. अख्ख्या सकाळीत मामांना पाणावलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. नाही म्हणायला पाऊसही होता.

मी म्हटलं, आमच्याकडे उलट आहे. मुंबईत दादरला कबुतरांना दाणे घालायचा चौक आहे, 2025 च्या ऑगस्टमध्ये पालिकेने त्यावर ताडपत्री टाकली तर लोकांनी येऊन ती फाडली. मामांनी बराच वेळ विचार केला. मग विचारलं, "ताडपत्री केवढी होती?" त्यांची नजर आमच्या गळक्या जाळीकडे होती.

तरी मी हटलो नाही. नेमबाजीचाच विषय आहे तर आपलीही इज्जत राखावी म्हणून सांगितलं, की आमच्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं.

"पाऊस होता?" मामांनी विचारलं.

"ठाऊक नाही."

"मग त्याचं काय सांगतोस," मामा म्हणाले, आणि कबुतरं पुसायला उठले. पॅरिसमध्येच 1900 साली ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरं उडवून मारायची स्पर्धा झाली होती, एका बेल्जियन गृहस्थाने 21 पाडून ती जिंकली, ही भर शेजाऱ्याने हळूच घातली. बहुधा मला बरं वाटावं म्हणून. मला बरं वाटलं नाही.

परत आल्यावर मामांनी माझ्याकडे पुन्हा निरखून पाहिलं. "अरेच्चा! भिजल्यावर तूही चमकतोस की!" आणि खिशातून तिसरा बुरखा काढून मला दिला. म्हणजे होता. सगळा वेळ होता. त्याला तंबाखूचा आणि ओल्या लॅब्रॅडॉरचा वास येत होता, तो घालून मी श्रावणी शनिवारी मारुतीचं नाव घेतलं.

लॅब्रॅडॉरवरून आठवलं. एरवी मामांबरोबर कुत्रा असतो, पडलेला पक्षी उचलून आणायला. तो का आला नाही असं मी सहज विचारलं. पंजा मुरगळलाय म्हणाले. मग शेजारी पुन्हा बुटांकडे बघायला लागला, आणि मला बोलावण्यामागचं गणित हळूहळू माझ्या डोक्यात शिरलं.

साडेदहाच्या सुमाराला मामांनी ठरवलं, की झाडीतली कबुतरं कोणीतरी उठवायला पाहिजेत. कोणीतरी कोण, हे सांगायला नको. मी चराच्या कडेकडेने गुडघाभर ओल्या गवतातून निघालो. लहानपणी शाळू हुरड्यात आला की माळ्यावर उभं राहून, गोफण फिरवून, बेंबीच्या देठापासून ओरडून पाखरं हाकायचं काम मी केलेलं आहे. माझ्या आजोबांनी मला शिकवलं, कारण पोरगं शिकून मोठं झालं नाही तर निदान राखण तरी करील. पोरगं शिकलं, समुद्र ओलांडला, गृहकर्ज काढलं, आणि आता बुरखा घालून परक्याच्या झाडीभोवती "हो हो हो हॉ" करत टाळ्या पिटतंय. इंग्रजी कबुतराला मंगळवेढ्याची आरोळी ताबडतोब कळते, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. नेमका त्याच क्षणी पाऊस थांबला. पाऊस थांबला की उपाशी कबुतरं झुंडीने बाहेर पडतात. ती पडलीच. ऐंशी असतील, शंभर असतील, फडफडाट करत थेट मामांच्या अंगणावर.

मामा चहा ओतत होते. चहा ओतताना बंदूक मधून दुमडून, काडतुसं काढून ठेवायची, हा नियम. नियमाबद्दल माझी काही तक्रार नाही. बंदूक भरून, उभं राहून, दोन बार काढेपर्यंत थवा वळला होता. एक पडलं. नंतर चुकार आलेली आणखी दोन पडली.

मी चिखलाने माखून परतलो तर मामा म्हणाले, "फार लवकर ओरडलास."

मी काही बोललो नाही. पडलेली तीन मात्र मीच आणली. ओलं रानकबुतर हातात घेतलं की पिसं पुंजक्यांनी सुटून तळव्याला चिकटतात, झटकली तरी सुटत नाहीत, पुसायला गेलं की दुसऱ्या हाताला लागतात. एकाच्या गळ्याखालची पिशवी फुटली होती आणि तीतून गहू सांडत होता, अख्खा, स्वच्छ, निवडून घेतल्यासारखा. मूठभर तरी असेल. शेतकऱ्याचा राग तेवढ्यापुरता मला समजला. तो दाणा अजून गरम होता, म्हणून मी पटकन हात पुसला, म्हणजे आणखी पिसं लागली.

निघताना मामांनी तिन्ही कबुतरं मला देऊन टाकली. मोठ्या मनाने दिली, हे कबूल. आईचा व्हिडिओ कॉल नेमका तेव्हाच आला, जेव्हा कबुतरं ओट्यावर होती. श्रावणात घरात हे काय आणलंस, यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. ती कबुतरं आता शेजाऱ्याच्या फ्रीझरमध्ये आहेत. माझे बूट अजून वाळलेले नाहीत. कानामागे एक पीस काल ऑफिसात मीटिंगमध्ये सापडलं, तेही मला नव्हे, साहेबाला.

आज सकाळी शेजाऱ्याचा मेसेज आला. येत्या शनिवारी पुन्हा पाऊस सांगितलाय, मामा विचारतायत, येणार का. मामांना तुझा आवाज फार आवडला. मी श्रावणाचं कारण पुढे केलं. सविस्तर लिहिलं, उपास, सोमवार, शनिवार, सगळं. शेजाऱ्याने तेवढ्याच आदराने विचारलं, हा तुमचा श्रावण संपतो कधी? मी तारीख सांगितली. मामांनी कॅलेंडरवर खूण करून ठेवली म्हणे. कुत्र्याचा पाय तोवर बरा होईल, असं मात्र कोणीच म्हणालं नाही.